मनात कबूल केलेले तीनशे

कार्तिक वद्य ४, शके १८४२. घाटनांदूर.

परवा सकाळी मी ओढ्याकाठी उभा राहून बंकटच्या पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत होतो. तेव्हापासून चित्त ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. बांगड्यांच्या खोक्यांतले कोरे कागद साठले होते, ते दोऱ्याने शिवले. पंतोजींनी शिकवलेलं अक्षर आजवर व्यापाराखेरीज कशाला वापरलं नव्हतं.

बंकट तेली माझा लहानपणचा सोबती. एकाच पडवीत आम्ही धुळीत अक्षरं गिरवली. पुढे तो बापाच्या घाण्याला लागला आणि मी कासाराचा मुलगा बापाच्या तट्टामागे बांगड्यांच्या माळा घेऊन गावोगाव फिरू लागलो. दसऱ्यानंतर त्याला ताप आला, तो उतरलाच नाही.

दहाव्याला सगळी तेली आळी होती. भाताचे गोळे मांडून झाले. बाभळीवर कावळे दाटीने बसलेले, पण खाली एकही उतरेना. भटजी म्हणाले, "जीव कुठं तरी गुंतलाय. बोला कुणी तरी."

त्याचा धाकटा भाऊ सुग्रीव पुढे झाला. "दादा, तुज्या लेकीचं, छबूचं लगीन मी करून देतो. वर्साच्या आत." कावळा हलला नाही. "वैनीला अंतर देणार न्हाई." तरी नाही. म्हाळू न्हावी माझ्या कानाशी पुटपुटला, "आरं, त्येला तंबाकू लागायची. ती ठिवा की बे, भात कशाला खाईल?" कुणी तरी तंबाखूची चिमूट ठेवली. तीही वाया गेली. मग सुग्रीव म्हणाला, "कुणाचं देनं-घेनं आसंल तर आमी बगू, दादा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मी खाली पाहिलं.

भटजींनी दर्भाचा कावळा करायला दर्भ हातात घेतला, तेव्हा मी डोळे मिटले आणि मनात म्हणालो, "बंकट, तुझे तीनशे माझ्याकडे आहेत. मी देईन. तू मोकळा हो." डोळे उघडले तर बाभळीखाली पडलेलं काळं कुत्रं उठून, कान फडफडवून पाण्याकडे निघालं होतं. तेवढ्यात एक कावळा उतरला आणि त्याने मधल्याच गोळ्यात चोच घातली.

सुग्रीव रडू लागला. म्हणाला, "म्या देन्याचं बोललो म्हनून आला." कावळा कुणाच्या शब्दावर आला ते मला ठाऊक आहे.

तीनशेची गोष्ट इथेच लिहून टाकतो. मानमोडीच्या तापाची साथ ओसरली त्या सालची. मला वाटलं, आता लोक सुटले, लग्नं निघतील, परळीची शिवरात्रीची जत्रा जोरात भरेल. माल भरायला पैसे हवे होते. बंकट म्हणाला, "त्रिंबक, यंदा लोक भाजीला तेल घालंनात, काकनं कोन घेतंय?" तरी चार दिवसांनी त्याने निजामाच्या नाण्यातले तीनशे हाली रुपये आणून माझ्या पुढ्यात ठेवले. कागद नाही, व्याज नाही. मीच त्याच्या हातावर बेल ठेवून वैजनाथाची शपथ घ्यायला लावली, की ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, त्याच्या बायकोला, केसरवैनीलाही नाही. बायकांच्या बोलण्यातून ती आमच्या घरी आली असती आणि बाजारात माझी पत गेली असती. त्याने शपथ घेतली.

त्या वर्षी जत्रेत बांगड्या भरायला आलेल्या हातांपेक्षा बांगड्या फोडलेले हात जास्त होते. माल तसाच राहिला.

मार्गशीर्ष शुद्ध ६

परळीला जाऊन वैजनाथाला अभिषेक केला. संकल्पात बंकटचं नाव घेतलं. नंतर चार ब्राह्मणांना जेवू घातलं. ज्या मडक्यात मी बंकटसाठी थोडे थोडे रुपये टाकत आलो, त्यातलेच खर्चले. त्याच्याच पुण्यासाठी खर्चले, तेव्हा एका परीने ते त्यालाच पोचले.

हिने, म्हणजे वत्सलाने, विचारलं, "येवढा खर्च कावून? तुमचा सख्खा भाऊ व्हता का त्यो?" मी म्हणालो, भावापेक्षा जास्त होता.

मडक्यात शंभर कधीच जमले होते. तेव्हा नेऊन दिले असते तर? पण मित्राच्या हातावर अर्धवट रक्कम ठेवणं मला हलकं वाटलं. द्यायचे तर पुरते तीनशे, एका हाताने, मान वर करून. आणि त्याने कधी मागितले नाहीत. गरज असती तर मागितले नसते का?

मार्गशीर्ष वद्य २

आज बाजार. जाताना गावकुसाबाहेरच्या वाटेने गेलो. पाय आपोआप तिकडे वळतात. दोन वर्षं होत आली, मी तेली आळीतून गेलेलो नाही. बंकट दारात भेटला असता तर काय बोलायचं, म्हणून. आता तो नाही, तरी तट्टूसुद्धा वळणावर स्वतःहून वळतं.

तो मात्र मला दुरून दिसायचा. अवसेच्या दिवशी खांद्यावर उपरणं टाकून परळीच्या वाटेला लागलेला. मी बोराटीच्या आड थांबायचो, तो पुढे गेला की निघायचो. मला वाटायचं, देवाला जात असेल.

मार्गशीर्ष वद्य ११

म्हाळूच्या ओट्यावर हजामतीला बसलो होतो. सुग्रीव आला. तोंड उतरलेलं.

"दादानं आमाला बुडवलं," तो म्हणाला. "परळीच्या बद्रीनाथ शेटजीकडून त्येनं तीनशे काढलेत. घाना आन बैल लिहून दिलाय. शेटजीचा मानूस आलता काल. व्याज थकलंय, म्हनं. मोमिनाबादच्या अदालतीत जातो म्हनतो."

"कधी काढले?" मी विचारलं.

"मानमोडीच्या साली, शिवरातीच्या आदी. येवढं पैसं कुटं घातलं कुनालाच ठावं न्हाई. घरात तर एक खन बी आला न्हाई."

म्हाळू वस्तरा पुसत म्हणाला, "गावाला ठावं हाय की. दर अवसेला गडी परळीला जायचा. देवळात जातानी कुनी कदी बगितला का? ठिवली आसंल कुनी तरी."

सुग्रीवने त्याला शिवी दिली नाही. हेच मला लागलं. त्याने नुसती मान खाली घातली.

मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठणार होतो. म्हाळूने खांदा दाबला. "बस बे. आर्धा कासार म्हनून हिंडनार हाईस का?" लोक हसले. मीही हसलो असेन.

म्हणजे ते पैसे त्याचे नव्हते. माझ्यासाठी त्याने घाणा लिहून दिला आणि दर अवसेला माझं व्याज पायी चालत जाऊन भरलं. ज्या पैशांना मी बिनव्याजी म्हणत होतो, त्यांचं व्याज कुणी तरी भरतच होतं. मी बोराटीच्या आडून त्याला जाताना पाहत होतो.

देवा, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? आणि खरंच आलं नव्हतं का?

मार्गशीर्ष वद्य १३

परळीला गेलो. देवळात गेलो नाही, आधी बद्रीनाथ शेटजींच्या पेढीवर गेलो. ठरवून गेलो होतो, की शेटजींकडूनच माझ्या नावावर नवे तीनशे काढायचे, त्यातून बंकटचं खातं गुपचूप मिटवायचं आणि मग सावकाश फेडत राहायचं. कुणाला काही सांगायला नको.

शेटजी म्हातारे, मृदू बोलणारे. मी बंकटचं नाव काढताच म्हणाले, "माणूस सच्चा. ताप येईपर्यंत एक अवस चुकवली नाही. कधी रुपये नसले तर तेलाचा बुधला घेऊन यायचा. शेवटी शेवटी बसून राहायचा थोडा वेळ. थकलेला दिसायचा."

मी माझा बेत सांगितला. शेटजी माझ्याकडे पाहत राहिले.

"पैसे कुणीही भरा, त्रिंबकराव, मला काय? पण उद्या त्याचा भाऊ विचारेल, कुणी भरले, कशापायी भरले. नाव काय सांगू?"

"नाव कशाला सांगायचं?"

"मग लोक म्हणतील, त्या परळीच्या बाईनंच भरले." ते हसले नाहीत. त्यांच्या कानावरही ते आलं होतं. "आणि हे कर्ज काढून ते कर्ज भरायचं म्हणता. त्यात फिटतं काय? खांदा बदलला, एवढंच. बदलायचाच असेल तर उघड बदला."

मी पाहतो म्हणालो आणि उठलो. सावकाराच्या तोंडून असं ऐकावं लागलं.

पौष शुद्ध ९

पौषात लग्नाची कुठलीच बोलणी होत नाहीत, छबूचीही नाहीत. मला बरंच वाटलं. रोज जपाची माळ जास्त ओढतो. माळ संपते, मन तिथेच.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हजामतीच्या दिवशी म्हाळू सहज म्हणाला, "कावळ्याचं काय घिऊन बसलास? कुत्रं बसलंवतं झाडाखाली. उठलं, तसा आला." मी घरी येऊन दहाव्याचं लिहिलेलं काढून वाचलं. कुत्रं उठल्याचं मीच लिहून ठेवलं आहे. लिहिताना मला ते दिसलं आणि कळलं नाही.

माघ शुद्ध ३

केसरवैनीने बोलावणं पाठवलं. धारूरचे मोहनराव तेली छबूला पाहायला येणार आहेत, तिच्या हातात नवी काकणं भरा म्हणून. सुग्रीवने जुळवलेलं स्थळ. वर्षाच्या आत लग्न नाही झालं तर तीन वर्षं थांबावं लागेल, आणि पोरगी तर मोठी दिसू लागली आहे.

किती दिवसांनी तेली आळीत पाऊल टाकलं. घाणा बंद. बैल दावणीला उभा, वाळलेला. मी छबूच्या हातात हिरवी काकणं भरली. याच घरात तिच्या आईच्या हातात मी किती वर्षं भरली होती. वैनी भिंतीशी बसली होती, मोकळे हात पदरात घेऊन.

छबू उठून आत गेली तशी वैनी हळू बोलू लागली. "दादा, तुमाला म्हनून सांगते. श्रावनापास्नं म्या त्येंच्यासंगं बोलत नव्हते. लोकं म्हनत्यात ते माज्या बी कानावर आलतं. म्या इचारलं, परळीला कशाला जाता? तर निस्ते गप. म्या म्हनलं, लेकरावर हात ठिवून सांगा, बाईकडं जात न्हाई. तर म्हनले, जात न्हाई. मग कुटं जाता? पुन्ना गप. मंग म्याबी बोलनं सोडलं. तापात पानी मागायचे तर भांडं ठिवून उठायचे म्या. शेवटचं पानी बी तसंच ठिवलं. त्येंनी हात पुढं क्येला, म्या भांडं खाली ठिवलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. बेल, शपथ, तीनशे, सगळं. मी उरलेली काकणं माळेत ओवू लागलो. मला वाटलं, आता सांगितलं तर ही बाई मरेल. मग वाटलं, हे मी तिच्यासाठी म्हणतो आहे की माझ्यासाठी?

तिने बांगड्यांचे पैसे पुढे केले. मी म्हणालो, "राहू द्या वैनी." ती रडली. "तुमीच येक त्येंचे दोस्त. बाकी सम्दे थुकत्यात."

बाहेर आलो तेव्हा पैसे न घेतल्यामुळे मन क्षणभर हलकं झालं होतं. हे लिहिताना स्वतःची किळस येते.

माघ शुद्ध ४

हिला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिने ऐकलं. तव्यावरची करपली, तिने ती काढून बाजूला ठेवली.

"वानी माल उधारीवर देतो, आसं तुमी म्हनला व्हता मला."

"हो."

"मला भ्यालात व्हय?"

"पत जाईल म्हणून."

"कुनाची पत ऱ्हायली?" ती म्हणाली. पुढची भाकरी थापली. मग म्हणाली, "रोज देवापाशी येवढं बोलता. मानसापाशी कवा बोलनार?"

मी विचारलं, लोक काय म्हणतील. ती उठून करपलेली भाकरी बैलाला घालायला गेली. शेजाऱ्यांचा बैल. परत येऊन तिने तवा उतरवला.

माघ शुद्ध ७

काल मारुतीच्या पारावर बैठक होती. धारूरची माणसं छबूला पाहून गेली होती आणि नकार सांगायला पुन्हा आली होती. मोहनराव सभ्य माणूस. नकारही सभ्यपणे सांगत होते, म्हणून जास्त झोंबत होता.

"पोरगी लई गुनाची हाय. आमची ना न्हाई. पर आमी बी लेकीबाळीचं घर. बापानं बाईच्या पायी घाना घालवला, हे कानावर आल्यावर आमी कसं...?"

सुग्रीव उसळला. "मेलेल्या मानसाचं कावून काढता?"

"आमी न्हाई काढत. तुमचंच गाव काढतंय," मोहनराव म्हणाले.

तेली आळीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. त्यांत पदर पुढे ओढून वैनी होती. मी गर्दीच्या मागे, देवळाच्या खांबाशी. नेहमीसारखा. उठलो तेव्हा वाटलं, घरी जाण्यासाठीच उठलो आहे. पण पाराकडे गेलो.

"ते पैसे मी घेतले," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही. म्हाळू ओरडला, "आरं, मोट्यानं बोल की. काकनं इकतानी वरडतूस तसं वरड."

मग मी मोठ्याने बोललो. बंकटने तीनशे बद्रीनाथ शेटजींकडून काढले ते माझ्यासाठी. परळीला तो व्याज भरायला जात होता, माझं. कुणाला सांगू नये म्हणून मी त्याच्या हातावर बेल ठेवून शपथ घ्यायला लावली होती. त्याने ती मरेपर्यंत पाळली. घरात भांडण झालं तरी पाळली. तिथे कुणी बाई नव्हती. तिथे मी होतो.

सुग्रीव माझ्यापर्यंत आला. मला वाटलं मारणार. त्याने नुसतं विचारलं, "दहाव्याला तू वढ्यावर उभा व्हतास न्हवं? देन्याचं म्या इचारलं तवा?"

"होतो."

तो थुंकला नाही. मला वाटलं होतं थुंकेल.

मोहनरावांनी डोक्यावरचं पागोटं नीट केलं. "असल्या मानसाची लेक आमच्या घरात आली तर आमचं नशीब," ते म्हणाले. ते बंकटबद्दल बोलत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी आळीच्या तोंडाकडे पाहिलं. बायका तिथे होत्या. वैनी नव्हती.

माघ वद्य १

तट्टू विकलं. घाटनांदूरच्याच बाजारात, एका लमाणाला. तो ओढून नेऊ लागला तेव्हा तट्टू सवयीने गावकुसाबाहेरच्या वाटेला वळलं, त्याने दोर ओढून त्याला सरळ केलं.

ते पैसे, मडक्यात उरलेले आणि हिने पाटीखालून काढून दिलेले थोडे, असे घेऊन परळीला गेलो. सुग्रीवला बरोबर नेलं. वाटेत तो माझ्या पुढे चालत होता. एकदाच मागे वळून म्हणाला, "पाय उचला लवकर," तेही अहोजाहो करून. लहानपणापासून तो मला अरे-तुरे करत आला होता.

शेटजींनी बंकटच्या कर्जाचा दस्त काढून सुग्रीवच्या हातात दिला. थकलेलं व्याज आणि थोडं मुद्दल मी रोख भरलं. राहिलेल्या मुद्दलाचा नवा कागद माझ्या नावे झाला. माझी ओसरी आणि पुढची खोली त्यात लिहिली. शेटजींनी विचारलं, "एकदम देणार की कसे?" मी म्हणालो, "दर बाजाराला जमेल तेवढे. दोन रुपये असले तर दोन." हे म्हणायला मला एवढा वेळ लागला. शेटजी म्हणाले, "तोही असंच द्यायचा."

कागदावर साक्षीदारांसमोर पूर्ण नाव लिहिलं.

माघ वद्य ३

आज सकाळी बांगड्यांच्या माळा स्वतःच्या खांद्यावर घातल्या. जड असतात. तट्टाला कधी विचारलं नव्हतं.

गावकुसाकडे न वळता तेली आळीतून गेलो. "काकनं घ्या, काकनं," असं ओरडलो. दोन दारं उघडली, एक लागलं. बंकटच्या घरून घाण्याचा आवाज येत होता. सुग्रीव बैलामागे चालत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बैलाकडे पाहिलं.

दारात वैनी आली. मी हात जोडले.

"धारूरचा निरोप आलाय," ती म्हणाली. "फाल्गुनात लगीन. छबूला चुडा तुमीच भरायचा. गावात दुसरा कासार न्हाई."

"भरतो वैनी. पैशांचं काही..."

"थांबा." ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत नाणी होती. उंबऱ्यावर तिने ती एकापुढे एक मांडली. माझ्या हातात दिली नाहीत. "ही चुड्याची. आन ही मागच्या येळच्या काकनांची, तवा तुमी घेतली नव्हती ती."

"वैनी, ती मी आपणहून..."

"घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ह्या घरानं तुमचं कायबी ठिवायचं न्हाई आता."

मी उंबऱ्यापाशी वाकलो आणि नाणी एक एक करून उचलली. खांद्यावरच्या माळा किणकिणत होत्या. मग मी आळीतून पुढे गेलो.